यंत्राआधीचा प्रश्न
मेंदू आणि मन यांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रिथ यांचे महत्त्वाचे संशोधन मेंदूची चित्रे घेणारी यंत्रे आल्यावरच सुरू झाले, हे त्यांच्याविषयीच्या एका लेखातील विधान मला पटले नाही. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात स्किझोफ्रेनियाच्या (भास आणि भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराच्या) रुग्णांसोबत काम करतानाच त्यांनी मूळ मांडणी केली होती : आपली कृती आपणच करत आहोत, ही मेंदूची नोंद बिघडली तर स्वतःचाच विचार परक्याचा आवाज वाटू शकतो. सारा-जेन ब्लेकमोर आणि डॅनिएल वोल्पर्ट या संशोधकांसह १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला, आपणच केलेल्या गुदगुल्या आपल्याला का होत नाहीत यावरचा, मेंदूची चित्रे घेऊन केलेला प्रयोग याच विचाराशी जोडलेला आहे : कृती आपलीच आहे हे मेंदू ओळखतो, म्हणून तो स्पर्श सौम्य वाटतो. यंत्र तिथे साधन होते, प्रश्न जुनाच होता.

माझ्या धाकट्या भावाला असे आवाज येतात. ते त्याला इतके खरे का वाटतात, हे आईला समजावताना मला याच मांडणीचा आधार मिळाला.