फ्रेश वाटलं म्हणजे गोळी उतरली, हे कोणी ठरवलं?

'झोपेच्या गोळीची 4 सत्यं, डॉक्टर सांगणार नाहीत' हा मेसेज तिसऱ्यांदा आला, आणि यावेळी खुद्द मावशीने टाकला फॅमिली ग्रुपवर, हात जोडलेल्या इमोजीसकट. काका रात्री साडेदहाला गोळी घेतात आणि सकाळी साडेसहाला स्कूटर काढून दुधाला जातात, म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

पहिलं सत्य म्हणे, उठल्यावर फ्रेश वाटलं की असर संपला, खुशाल गाडी चालवा. अहो, घोळ इथेच तर आहे. जो मेंदू गुंगीत आहे तोच स्वतःला सर्टिफिकेट देतोय! अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2014 मध्ये एस्झोपिक्लोन या झोपेच्या गोळीचा सुरुवातीचा डोस 2 मिलिग्रॅमवरून 1 वर आणला, कारण 3 मिलिग्रॅम घेतलेल्यांचं ड्रायव्हिंग, स्मरणशक्ती सगळं 11 तासांनंतरही बिघडलेलं सापडलं आणि बऱ्याच जणांना स्वतःला पत्ताच नव्हता. ती 25 ते 40 वयाची धडधाकट माणसं होती, काका 68 चे. काकांची गोळी वेगळी, अल्प्राझोलम, पण ती रक्तात निम्मी व्हायलाच साधारण 11 तास लागतात, म्हातारपणी 16 च्या आसपास. साडेदहा ते साडेसहा किती झाले, मोजा.

काका शब्दकोडं पेनाने सोडवणारे माणूस. हल्ली आडवे शब्द उभ्या घरांत जातात, गिरवून गिरवून कागद फाटतो, आणि वर 'मी एकदम फ्रेश'. गोळीमुळेच असेल असं नाही म्हणत मी, पण डॉक्टरांना विचाराल की नाही?

कडक चहाने गोळी 'धुऊन' निघते, हे दुसरं. चहाने डोळे उघडतात, गोळी लिव्हर त्याच्या वेळेनेच काढणार. त्याऐवजी सर्दीची गोळी घ्या, ती सेफ, हे तिसरं. झोप आणणाऱ्या त्या जुन्या सर्दीच्या गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दिवशीपर्यंत राहते, म्हाताऱ्यांना तर त्या शक्यतो देऊच नयेत म्हणतात.

झोपच नाही झाली तरी डोकं चालत नाही, हे त्यात लिहिलंय तेवढं खरंय, मान्य. पण पुढच्याच ओळीत 'जड वाटलं तर गोळी एकदम बंद करा'! रोजची अल्प्राझोलम अशी अचानक तोडली तर फिट येऊ शकते, कमी करायची तर डॉक्टरांना विचारून हळूहळू.

गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. तोवर स्कूटरची किल्ली माझ्याकडे, दूध मी आणतोय, आणि काका माझ्याशी बोलत नाहीयेत.