पोळं काढावं की ठेवावं? एका रागावलेल्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

खिडकीवरच्या छज्जाखाली गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर राहू द्या, त्यांची राणी शांत असते, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही कळवलंत, की तुमच्या सात वर्षांच्या मुलाला तीन ठिकाणी डंख झाले, हात कोपरापर्यंत सुजला. आणि ‘शांत राणी’ ही माझी कविकल्पना आहे.

पहिल्या बाबतीत चूक माझी. मुलं खेळतात, सहज हात जातो, तिथलं पोळं जाणकाराकडून काढूनच घ्यावं, हे मी ठळक लिहायला हवं होतं. तीन डंख एकाच माशीचेही असू शकतात. मधमाशीचा काटा कातडीत रुतून राहतो, तसा हिचा राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसते. पुढे कधी डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.

राणीबद्दल मात्र मी ठाम आहे. आपल्याकडे सर्रास दिसणारी एक गांधीलमाशी म्हणजे रोपॅलिडिया मार्जिनाटा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर कित्येक वर्षं काम केलंय. प्रत्येक माशीवर रंगाचे ठिपके द्यायचे आणि कोण काय करतं ते तासन्‌तास टिपायचं. या जातीची राणी कुणावर धावून जात नाही, कुणाला दटावत नाही. नुसत्या वागण्यावरून ती ओळखूही येत नाही. अंडी घालताना दिसली की कळतं, हीच ती. तिला पोळ्यावरून उचललं, की थोड्याच वेळात एक कामकरी माशी भयंकर आक्रमक होते. राणी परत ठेवली तर ती निवळते. नाही ठेवली तर तीच पुढे अंडी घालू लागते आणि हळूहळू तीही पहिलीसारखीच शांत होते. आणखी नवल म्हणजे तिच्या हक्काला बाकीच्या आव्हान देत नाहीत. वारस कोण हे माश्यांना आधीच ठाऊक असावं, पण बघणाऱ्या माणसाला ते आधी ओळखता येत नाही! राणी आपलं अस्तित्व जाणवून देते ते शरीरातल्या एका ग्रंथीच्या रसायनातून, धाकातून नव्हे. पोलिस्टिस या गांधीलमाश्यांच्या दुसऱ्या गटातल्या राण्या मात्र खरोखर दांडगाई करतात. तेव्हा ‘सगळ्याच राण्या शांत’ असं माझ्या लेखातून वाटलं असेल, तर तेवढी दुरुस्ती हवीच.

‘मध नाही, मग उपयोग काय?’ असंही तुम्ही विचारलंत. या माश्या झाडांवरच्या अळ्या पकडतात, चावून लगदा करतात आणि पिल्लांना भरवतात. ज्याच्या परसात वांगी-टोमॅटो आहेत, त्याला याचं मोल सांगायला नको. म्हणून एकच विनंती: जिथे कुणाचा वावर नाही तिथलं पोळं रॉकेल ओतून जाळू नका. लाकूड खरवडून, लाळेत कालवून, कप्प्याला कप्पा जोडत त्यांनी तो कागद केलेला असतो.

मूळ लेखात मुलांबद्दलची सूचना आज अगदी वर घातली आहे. लेकाचा हात आता कसा आहे, जरूर कळवा.