एक नंबरमध्ये किती?

रविवारी सकाळी, म्हणजे नागपूरच्या रविवारी संध्याकाळी, आम्हा तिघा भावंडांचा व्हिडिओ कॉल झाला. विषय गेल्या वर्षभरापासूनचा तोच: बाबांचं घर विकायचं की नाही. दादा नागपुरात, ताई पुण्यात आणि मी आयोवा राज्यातल्या एम्स नावाच्या गावात. या वेळी दादाच्या शेजारी दलालही बसला होता. नमस्कार झाल्याबरोबर त्याने मुद्द्याला हात घातला. "मॅडम, एक नंबरमध्ये किती अन् दोन नंबरमध्ये किती पायजे, तेवढं सांगून टाका. मंग गिऱ्हाईक पाहाले सोपं जाते."

मी म्हटलं, "सगळेच एक नंबरमध्ये. कागदावर, चेकने. रोख काही नाही."

तो हसला. कुचेष्टेने नाही, लहान मुलाने चंद्र मागितल्यावर घरातलं वडीलधारं माणूस हसतं, तसा. "असं कोण देते बाप्पा!"

घर अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला आहे. नागपूर सुधार प्रन्यास या सरकारी विकास संस्थेचा लीजचा प्लॉट, सत्तरच्या दशकातलं बांधकाम, पुढे पेरूचं झाड. वरच्या दोन खोल्यांत इंजिनिअरिंगची पोरं भाड्याने राहायची. २००२ मध्ये कॉलेजचं नाव व्हीएनआयटी झालं, तरी बाबा शेवटपर्यंत 'व्हीआरसीईचे पोट्टे' असंच म्हणत आले. त्यातला एखादा आजारी पडला की आई त्याला मुगाची खिचडी वर पाठवायची आणि महिन्याच्या पाच तारखेनंतर बाबा जिन्याखाली उभे राहून उगाच खाकरायचे. आता आई-बाबा दोघंही नाहीत. दादाने स्वतः तिकडे मनीषनगरला फ्लॅट घेतला आहे आणि ते घर पावसाळ्यात कुजतंय.

कॉल संपला आणि भावंडं, चुलत-मावस सगळी असलेल्या ग्रुपवर चर्चा पेटली. एका पक्षाचं म्हणणं, "तिकडे अमेरिकेत कसं सगळं पारदर्शक असतं बघा, नाहीतर आपल्याकडे!" दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, "तिकडे बसून शिकवायला काय जातं?" मला दोन्ही बाजूंनी ओढलं जात होतं. खरं सांगायचं तर दोन्ही पक्षांना इथला व्यवहार माहीत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एम्सची वस्ती ६६ हजारांच्या आसपास, आणि त्यातले निम्म्याच्या जवळपास आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी. युनिव्हर्सिटीभोवती लाकडी, दुमजली, तळघरवाली जुनी घरं. ३१ जुलैला बहुतेक भाडेकरार संपतात, १ ऑगस्टला नवे सुरू होतात. मधल्या एका रात्रीत अर्धं गाव रस्त्यावर सोफे टाकून गाडीत झोपतं.

आम्ही इथलं घर २०१२ मध्ये घेतलं. विकणारे निवृत्त प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी. भाव बोलण्याआधीच त्यांनी भरलेला एक छापील फॉर्म हातात आला. तो देणं कायद्याने बंधनकारक आहे. छप्पर कधी बदललं, भिंतीला वाळवी लागली होती का, सांडपाण्याची नळी तुंबते का, असे पानभर प्रश्न. तळघरात कधी पाणी शिरलं का, या प्रश्नापुढे निळ्या शाईत लिहिलं होतं: "हो. ऑगस्ट २०१०. दोन इंच. नंतर पंप बसवला." त्या ऑगस्टमध्ये एम्समध्ये मोठा पूर आला होता. युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉलच्या स्टेडियममध्येसुद्धा तळं झालं होतं, तिथे दोन इंच म्हणजे नशीबच. मला तेव्हा वाटलं, काय भोळी माणसं आहेत, आपणहून सांगतात! माझ्या डोक्यातलं नागपूर बोलत होतं ते. भोळी वगैरे काही नव्हती. लपवलं आणि नंतर उघडकीला आलं तर कोर्टात खेचता येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग रेडॉनची तपासणी. हा जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू. तळघरात साठतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होतो. सगळं आयोवा राज्यच त्याच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात येतं. आकडा जास्त निघाला, म्हणून विकणाऱ्यांच्या खर्चाने वायू बाहेर काढणारा पंखा आणि पाइप बसला.

आणि मग तो गठ्ठा. अमेरिकेत इतरत्र घर घेताना मालकी हक्काचा विमा काढतात. आयोवात तसा विमा विकायलाच बंदी आहे. त्याऐवजी प्रत्येक घराचा कागदांचा एक गठ्ठा असतो, त्याला 'ॲबस्ट्रॅक्ट' म्हणतात. सरकारने ती जमीन पहिल्यांदा कोणाला दिली तिथपासून आजवरची प्रत्येक विक्री, प्रत्येक गहाण, प्रत्येक वारस त्यात टाचलेला. वकील तो वाचून अभिप्राय देतो. आमचा गठ्ठा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होतो. एका हिवाळ्यात मी तो कादंबरीसारखा वाचून काढला. मंदीच्या वर्षांत कर्ज थकलं, विधवेने अर्धा तुकडा विकला, दोन भाऊ कोर्टात गेले. आपल्या आखीव पत्रिकेसारखं, म्हणजे प्रॉपर्टी कार्डासारखं, आणि वकिलाच्या तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टसारखंच की हे, फक्त एकाच जागी बांधलेलं. त्यात एक जागा मात्र कोरी. सरकारच्या आधी ही जमीन कोणाची होती, ते कुठेच नाही. आयोवा हे नाव ज्या मूळनिवासी लोकांचं, त्यांचा गठ्ठ्यात उल्लेखही नाही.

पण दलालाच्या प्रश्नाशी खरा संबंध आहे तो किमतीचा. इथे खरेदीखत नोंदवताना किमतीचं घोषणापत्र द्यावं लागतं आणि तो आकडा कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या वेबसाइटवर चढतो. शेजाऱ्याचा पत्ता टाका, त्याने घर कितीला घेतलं ते दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कोणाच्या तरी परसात वाळत घातलेले कपडे बघितल्यासारखं ओशाळं वाटलं. मग हळूच अख्खी गल्ली बघून घेतली.

ग्रुपवरचे माझे भाऊबंद इथेच गल्लत करतात. उघड नोंद आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात इंडेक्स-टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखताचा गोषवारा, ऑनलाइन बघता येतो. गाव, वर्ष, प्लॉट नंबर टाकला की कोणी कोणाला कितीला विकलं ते येतं. फरक इतकाच की आपल्याकडचा आकडा खरा असेल याची खात्री नसते. रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाच्या, खाली दाखवून उपयोग नाही, कारण मुद्रांक शुल्क रेडीरेकनरनेच लागतं आणि प्राप्तिकर खातंही तीच किंमत धरतं. तेव्हा सगळा खेळ चालतो रेडीरेकनर आणि बाजारभाव यांच्यामधल्या पट्ट्यात. त्या पट्ट्याचं नाव 'दोन नंबर'. मुद्रांक शुल्क, मेट्रोचा अधिभार, नोंदणी फी असं धरून घेणाऱ्याला सहा-सात टक्क्यांचा फटका. विकणाऱ्याला भांडवली नफ्यावरचा कर. आकडा कमी लिहिला तर दोघांचाही फायदा, आणि तिसरा कोणी तिथे हजर नसतो. आयोवात हस्तांतराचा कर हजार डॉलरला १ डॉलर ६० सेंट. दोन लाख डॉलरच्या घराला जेमतेम ३२० डॉलर, तेही विकणाऱ्याने भरायचे. एवढ्यासाठी खोटं कोण बोलेल?

म्हणून मी म्हणते, इथली माणसं जास्त सचोटीची आहेत हे डोक्यातून काढून टाका. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्याच मिसुरी राज्यात ज्यूरीने निकाल दिला की इथल्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने आणि मोठ्या कंपन्यांनी संगनमताने कमिशन चढं ठेवलं. पाच-सहा टक्के कमिशन, आणि विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या दलालाचंही भरायचं, हा रिवाज होता. आपला दलाल एक-दोन टक्क्यांत समाधानी असतो, आणि चहाही पाजतो. संधी मिळाली तिथे इथल्यांनीही हात मारलाच. किमतीच्या आकड्यात ती मिळत नाही, एवढंच.

आणि खरा आकडा फुकट मिळत नाही, हे ग्रुपवर कोणालाच सांगायचं नसतं. घोषणापत्रातल्या याच किमतींवरून आपल्या घराचं मूल्यांकन होतं, दर दोन वर्षांनी, विषम सालात. त्यावर कर. आम्हाला तो घराच्या किमतीच्या साधारण दीड टक्का पडतो, दरवर्षी, सप्टेंबर आणि मार्चमध्ये. म्हणजे नागपुरात घेणारा एकदाच जे शुल्क भरतो, तेवढं आम्ही पाचेक वर्षांत भरून बसतो, आणि पुढची पंचवीस वर्षं भरतच राहतो. २०२३ ची मूल्यांकनाची नोटीस आली तेव्हा मी चहा खाली ठेवला. समोरच्या आजींचं पेन्शन तेवढंच, घर तेच, स्वयंपाकघरसुद्धा चाळीस वर्षांपूर्वीचं. पण गल्लीत दोन घरं चढ्या भावाने विकली गेली म्हणून त्यांचा कर वाढला. एप्रिलमध्ये त्यांच्या हरकतीचा अर्ज मी भरून दिला. थोडा उतरला. त्या पैशातून शाळा चालते, रस्त्यावरचा बर्फ निघतो, हे मान्य. पण त्या म्हणाल्या, "मी घर विकलेलं नाही, मग मला कसला नफा झाला?" मला उत्तर सुचलं नाही.

ग्रुपवर मी लिहिलं, मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र करा आणि वार्षिक मालमत्ता कर खऱ्या किमतीवर लावा, दोन नंबर आपोआप आटेल. पाच मिनिटांत अकरा उत्तरं. धरमपेठेतल्या काकांचं सगळ्यात लांब. त्यांचा प्लॉट आज कोट्यवधींचा आहे, पण हातात येतं ते पेन्शनच. "माझ्या घरातून मला उठवायचा विचार आहे का?" काकांचं आणि समोरच्या आजींचं म्हणणं एकच, आणि ते खोटं नाही. तरी माझं मत बदललेलं नाही. वृद्धांना सवलत देता येते, कर घर विकलं जाईपर्यंत पुढे ढकलता येतो. आज मात्र पगारदार माणूस, ज्याचा पैसा बँकेतूनच येतो, तो धरमपेठ-रामदासपेठेच्या बाजारात उभाच राहू शकत नाही. त्याच्याकडे द्यायला दोन नंबर नाही. बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर. मग तो जातो शहराच्या कडेला बेसा-बेलतरोडीला, आणि तिथे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, म्हणजे आर. एल., आहे का, लेआउट मंजूर आहे का, या भानगडीत अडकतो. आपण त्याला 'परवडत नाही म्हणून गेला' म्हणतो.

दादाने मग मला खासगीत फोन केला. त्याचा आवाज शांत होता. "तुला दोन नंबरचे पैसे तिकडे नेता येत नाहीत. म्हणून तुझी तत्त्वं स्वस्त आहेत."

बरोबर बोलला. माझा वाटा बँकेतूनच यायला हवा, सीएच्या सर्टिफिकेटासह, तरच तो डॉलर होतो. रोख माझ्यासाठी कागद आहे. उलट माझ्यामुळे त्यांना त्रासच: परदेशातली बहीण मालक आहे म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं, कारण माझ्या वाट्यावर त्याला भरमसाट टीडीएस कापावा लागतो. २०२४ च्या जुलैपासून आणखी गंमत. जुन्या घराच्या नफ्यावर दादाला आणि ताईला साडेबारा टक्के कर की महागाई वजा करून वीस टक्के, यातलं कमी पडेल ते निवडायची मुभा. मी अनिवासी, मला नाही. एकाच आईबापाची मुलं, एकच भिंत, कर वेगळा. तर माझ्या सचोटीत सोयीचा भाग किती, हे मी दादाजवळ कबूल केलं. तो म्हणाला, "हौ ना, कबूल करतेस हेच खूप झालं."

आमच्या एम्समधली एक गोष्ट मात्र दादाला पटली. ज्या प्राध्यापकांकडून आम्ही घर घेतलं त्यांचे शेजारी, तेही निवृत्त, दोन वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला गेले. घरासाठी दोन मुलं असलेलं एक तरुण जोडपं आलं होतं. त्यांच्यापेक्षा जास्त बोली लावून एका गुंतवणूकदाराने ते घेतलं आणि पाच विद्यार्थ्यांना दिलं. आकडा उघड, कागद स्वच्छ, कुठेही लबाडी नाही, आणि तरी घर त्या जोडप्याला मिळालं नाही. युनिव्हर्सिटीजवळच्या काही मोहल्ल्यांत भाड्याची घरं पंचवीस टक्क्यांपुढे जाऊ नयेत असा नियम गावाने केला होता. राज्याच्या विधिमंडळाने २०१९ मध्ये असे नियमच बेकायदा ठरवले. गावाच्या हातात उरलं ते भाड्याच्या घरांची नोंदणी आणि तपासणी: धुराचा अलार्म वाजतो का, खिडकीतून बाहेर पडता येतं का. तेवढं तरी आपल्याकडे असावं. अंबाझरीच्या आसपास पीजी म्हणून चालणाऱ्या किती घरांत एकाच जिन्यावर वीस मुलं आहेत, हे दादाने स्वतःच मोजून सांगितलं. तो म्हणाला, आपण तरी वरच्या खोलीत तीनच ठेवायचो. मी म्हटलं, चौथ्यासाठी बाबांना आईने परवानगी दिली नव्हती म्हणून.

आता दोन गिऱ्हाइकं आहेत. एक बिल्डर. त्याला घर पाडून फ्लॅट स्कीम टाकायची आहे, त्याचा आकडा मोठा आणि त्यातला बराचसा रोख. दुसरं बँकेत नोकरी करणारं नवरा-बायकोचं जोडपं. खरेदी बायकोच्या नावाने, म्हणजे मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. सगळी रक्कम चेकने. पण एकूण अठरा लाखांनी कमी. ताई माझ्या बाजूने. दादा म्हणाला, "दोघी मिळून मला सहा लाखांना बुडवा." मुखत्यारपत्रासाठी मला शिकागोच्या भारतीय वकिलातीत जायचं आहे, गाडीने साडेपाच तास. कोणालाही विकलं तरी ते लागणारच, म्हणून जाऊन येते.

काल रात्री दादाचा मेसेज आला. जोडपं शनिवारी घर बघायला येतंय. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी गल्ल्यांत शिरली, त्या रात्री आपल्या घरातही पाणी आलं होतं. बैठकीच्या भिंतीवर गुडघ्याच्या वर तो पट्टा होता. दादाने मागच्या वर्षी त्यावर रंग दिला. त्याने विचारलंय, "पुराचं सांगायचं का? दलाल म्हणतो, विचारलं तरच सांगा."

मी कपाटातून २०१२ चा तो फॉर्म काढला, निळ्या शाईतल्या ओळीचा फोटो घेतला आणि पाठवला. निळ्या टिक दिसताहेत. उत्तर अजून आलेलं नाही.