वर्षाचं तिखट आणि वायरींचं खोकं

आमच्या घरात 2019 च्या महापुराचा विषय निघाला की पाण्याबद्दल कुणी बोलत नाही. तिखटाबद्दल बोलतात. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 45 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडून 57 च्या वर गेलं होतं, गावभागात आमच्या घराच्या पायऱ्या एकेक करून बुडत होत्या, आणि त्या धांदलीत मी माडीवर काय नेलं, तर वायरींचं खोकं. वर्षाचं तिखट खाली राहिलं. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या निवडून, देठं काढून, वाळवून, डंकावर स्वतः उभं राहून कुटून आणलेलं तिखट. त्यानंतर घरात कोणतंही भांडण झालं की ते वळणं घेत घेत शेवटी त्या डब्यापाशी येतं.

माझी बाजू एवढीच, की तिखट पुन्हा कुटता येतं. पंचवीस पिनांची प्रिंटरची वायर कुठून आणणार? (“आणायची कशाला?” असा प्रतिप्रश्न येतो. त्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही.)

तर गेल्या मे महिन्यात हिचा धाकटा भाऊ मिरजेहून एक जुना व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. 2002 सालच्या त्याच्या लग्नाची कॅसेट, काड्यापेटीहून थोडी मोठी, आतच होती. अडॅप्टर होता, कॅमेरा चालूही होत होता. लॅपटॉपला जोडायची वायर तेवढी नव्हती. “दाजी, तुमच्याकडं असंलच की,” तो म्हणाला. वीस वर्षांत त्या खोक्याला उद्देशून कुणी आदरानं बोललेलं हे पहिलं वाक्य. मी हिच्याकडं पाहिलं. ही आमटीकडं पाहत होती.

खोकं आणून सतरंजीवर पालथं केलं. वायरी कितीही नीट गुंडाळून ठेवा, वर्षभरानं त्यांचं एकच गाठोडं झालेलं असतं. मला तर वाटतं, त्या आत रात्री फुगड्या घालतात. पहिला अर्धा तास ओळखण्यात नाही, सोडवण्यातच गेला. मेहुण्याची दोन्ही पोरं सतरंजीच्या कडेला बसली आणि एकेक टोक उचलून विचारू लागली, “काका, ही कशाची?” कुलपरीक्षा सुरू झाली.

माझी पद्धत पिना मोजायची. इंग्रजी डीच्या आकारात तीन ओळींत पंधरा पिना असतील तर ती मॉनिटरची, व्हीजीए, 1987 ची. मोजल्या तर चौदा भरतात. याच चौदाव्या-पंधराव्यावरून मी माझ्या मुलाला तो सातवीत असताना पिन मोडली म्हणून बोललो होतो. पुढं कळलं की पुष्कळ केबलींत नववी पिन मुळातच नसते. मुलाची माफी मागायची राहून गेली. तो आता पुण्यात असतो आणि फोनवर विषय काढावा इतकं ते मोठंही नाही.

नऊ पिनांची सिरियल, म्हणजे जुन्या मोडेम-माऊसची. तिला सगळं जग डीबी-नाइन म्हणतं. खरं तर त्यातला बी हा पंचवीस पिनांच्या कवचाचा आकार सांगतो, नऊवालीला डीई म्हणायला हवं. हे मी पोरांना समजावून सांगितलं. मोठा म्हणाला, “बरं.” पंचवीस पिनांची वायर प्रिंटरची. तिच्या दुसऱ्या टोकाला छत्तीस पट्ट्यांचं रुंद तोंड असतं आणि प्रिंटरला दोन्ही बाजूंनी तारेचे कान, कान ओढून ते तोंड जागेवर बसवायचं. मग तो डॉट मॅट्रिक्स असा किंचाळायचा, की शेजारचे अण्णा भिंतीवर काठी आपटायचे.

गोल तोंडाच्या दोन, जांभळी कीबोर्डची, हिरवी माऊसची. तिथंच तिसरी सापडली, तेवढीच गोल, पण रंग काळा आणि पिना चारच. ही टीव्हीची एस-व्हिडिओ. एकदा दिवे गेलेले असताना मी हीच कीबोर्डच्या भोकात दाबून बसवली होती. बसली. म्हणजे पिना आडव्या पडल्या आणि बसली. नंतर रिकाम्या रिफिलीचं टोक एकेका पिनेवर चढवून, दात सरळ करणाऱ्या डॉक्टरच्या हलक्या हातानं, त्या उभ्या केल्या.

एका वायरीला मध्येच गाठोळं होतं, अजगरानं कोंबडी गिळल्यासारखं. धाकट्यानं विचारलं, “यात काय आहे?” आमच्या आळीत याबद्दल दोन मतं होती, एक फ्यूजचं आणि एक लोहचुंबकाचं. खरं म्हणजे ती फेराइटची नळी. वायरीतून जाणारा जास्त कंपनांचा गोंगाट ती गिळते आणि कामाचा प्रवाह पुढं जाऊ देते. मी सांगत होतो, तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, “तसलं एक तुमच्या गळ्यात घाला.”

रुंद पट्टीच्या वायरी मी भराभर बाजूला सारल्या. त्यांतली फ्लॉपीची तेवढी पोरांना दाखवली, कारण तिच्या एका टोकापाशी काही तारा मुद्दाम पिरगळलेल्या असतात. कोणती फ्लॉपी ए आणि कोणती बी, हे मशीनला त्या पिळावरून कळतं. माझ्या पहिल्या मशीनमधला हा पीळ मी ‘कारखान्यातली चूक’ समजून कात्री आणि चिकटपट्टी घेऊन दुरुस्त करायला बसलो होतो. त्या दुरुस्तीचा खर्च कितीला पडला, ते हिला अजून माहीत नाही.

अडॅप्टरांना मात्र मी आता हात लावायला घाबरतो. वायर चुकीची असेल तर ती बसत नाही, एवढा तरी तिचा प्रामाणिकपणा. अडॅप्टर बसतो आणि मग दगा देतो. बाहेरून पिन साडेपाच मिलिमीटरची, आतलं भोक 2.1 का 2.5, हे डोळ्याला दिसत नाही. एकदा लॅपटॉपचा 19 व्होल्टचा मी 12 व्होल्टच्या राऊटरला लावला. थोडा सैल वाटला, इतकंच. राऊटरचे सगळे दिवे एकदम लागले, इतके सुंदर कधी लागले नव्हते, आणि मग कांदा करपल्याचा वास आला. हीसुद्धा म्हणाली, “गॅस बंद आहे हो.”

राहता राहिली यूएसबी. ही 1996 ची सून आली ती सगळ्यांना एका पंगतीत बसवते म्हणून. बसवलंही. पण तिचीच प्रजा इतकी वाढली, की प्रिंटरची चौकोनी वेगळी, जुन्या कॅमेऱ्याची मिनी वेगळी, फोनची मायक्रो वेगळी, आणि हार्ड डिस्कची मायक्रो तर जोड-केळ्यासारखी. आता सी आली, उलटी-सुलटी कशीही बसते, आणि लोक म्हणतात कटकट मिटली. मला नाही वाटत. पूर्वी तोंड बघून कूळ कळायचं. आता तोंडं सगळी सारखी आणि पोटात काय आहे ते देव जाणे. एक नुसतं चार्जिंग करते, दुसरी चित्रपट वाहून नेते, तिसरी दोन्ही करते पण रांगत. जुन्या वायरी निदान खोटं बोलत नव्हत्या.

साडेनऊच्या सुमारास ती सापडली. फायरवायर. एका कंपनीनं हिला फायरवायर म्हटलं, दुसरीनं आय-लिंक, आणि कागदोपत्री ती आयट्रिपलई 1394. माहेरचं नाव एक, सासरचं एक, रेशनकार्डावर तिसरंच, म्हणून इतके दिवस मला वाटायचं या तीन वेगवेगळ्या बायका आहेत. तिचं चार पिनांचं चिमुकलं टोक कॅमेऱ्यात टक्कन बसलं. घरात शांतता पसरली. आमटी सोडून ही दारात येऊन उभी राहिली.

दुसरं टोक सहा पिनांचं. ते घेऊन मी लॅपटॉपच्या चारी बाजू फिरलो, जशी पाळणाघरात आई आपलं मूल शोधते. तसलं भोक लॅपटॉपला नव्हतंच. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, त्याला एक जोडणी लागते, त्या जोडणीला दुसरी जोडणी लागते.” मी ऐकत असताना मागून मेहुणा विचारत होता, “कुठं मिळंल? हरभट रोडला?”

शेवटी कॅमेऱ्याचाच छोटा पडदा उघडला आणि आम्ही सहा जणांनी त्यावर डोकी एकत्र केली. अक्षता दिसल्या, मेहुण्याचे केस दिसले, त्यावर बराच वेळ हशा झाला. मग पंगत आली आणि पंगतीच्या मागून एक बारीक माणूस हॅलोजनच्या दिव्याची वायर खांद्यावर गुंडाळत चालला होता. “आक्का, हे दाजीच की!” मेहुणा ओरडला. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात मी जेवलो कधी, हे कॅसेटभर कुठं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिनं भंगारवाल्याला गाठलं. त्यानं एक वायर नखानं कुरतडली आणि म्हणाला, “तांबं हाय. पर काका, ही टोकं तोडून द्या, टोकाला वजनात धरत न्हाई.” ज्या टोकांवर मी आदल्या दिवसाची अख्खी संध्याकाळ घालवली होती, ती टोकं. मी खोकं उचलून आत आणलं. आत येताना एक वायर ओळखायची राहिल्याचं लक्षात आलं. एकीकडं नऊ भोकं, दुसरीकडं हेडफोनची पिन. सिरियलचा आवाज कानाला लावून ऐकणारं कोणतं यंत्र आपल्या घरात होतं, याचा मी जुलैपर्यंत विचार करत होतो.

जुलैत पाऊस लागला. कोयनेच्या बातम्या सुरू झाल्या आणि आळीत नेहमीसारखं दारादारातून “आयर्विनला किती?” सुरू झालं. तिसऱ्या दिवशी रात्री अण्णा गेटातून ओरडले, “पस्तीस! चढतंय!” मी खोकं उचलून जिन्याला लागलो. अर्ध्यात ही भेटली, कमरेवर तिखटाचा डबा. जिना आमचा अरुंद, एका वेळी एकच माणूस जातं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. ही डबा घेऊन पुढं गेली आणि वरून म्हणाली, “या. पण ते माझ्या डब्याला टेकवून ठेवू नका.”