‘गीझरला हात लावू नका’ म्हणणाऱ्या संदेशाबद्दल

गीझरबद्दलचा एक संदेश सध्या एका ग्रुपवरून दुसऱ्यावर फिरतोय. चालतोय तोवर गीझरला हात लावू नका, सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर त्याला बूच मारा, ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली धातूची कांडी) हा मेकॅनिक लोकांचा पैसे काढायचा बहाणा आहे आणि थर्मोस्टॅट कायम शेवटच्या आकड्यावर ठेवला की वीज वाचते, असं त्यात आहे. यातलं बुचाचं प्रकरण जिवावर बेतणारं आहे, म्हणून आधी तेच घेतो.

पाणी तापलं की फुगतं. २५ लिटरच्या टाकीतलं पाणी २० अंशांवरून ७५ अंशांवर गेलं की अर्ध्या लिटरहून थोडं जास्तच वाढतं. थंड पाण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नसेल, तर या वाढीव पाण्याला सेफ्टी व्हॉल्व्ह ही एकच वाट उरते. त्यामुळे गीझर तापत असताना तिथून थेंब पडणं म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. तिथे बूच मारलं, त्यात थर्मोस्टॅट अडकून वीज चालूच राहिली आणि पाणी फार तापल्यावर वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला, तर पाणी दाबाखाली १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. मग टाकी फाटते, दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती जागा ती भिंती पाडून मिळवते. कृपा करून हा सल्ला पुढे पाठवू नका. गीझर थंड असतानाही व्हॉल्व्ह ठिबकत असेल, तर आत क्षार अडकलाय किंवा नळाचा दाब जास्त आहे. तेव्हा व्हॉल्व्ह साफ करून घ्या, बदला, दाब तपासा. पण वाट बुजवू नका.

आता ॲनोड रॉड. पोलादी टाकीला आतून काचेसारखा मुलामा असतो, पण त्यात बारीक छिद्रं राहतातच. रॉड मॅग्नेशियमचा असतो आणि मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजतं, म्हणून टाकीऐवजी रॉड गंजतो. नवा रॉड गुळगुळीत आणि बोटाएवढा जाड असतो. वापरलेला बाहेर काढला की खड्डे पडलेला, पांढरट पापुद्रे धरलेला दिसतो, आणि मधली तार उघडी पडली असेल तर त्याचे दिवस भरले. त्यानंतर गंज टाकीला लागतो, आणि गळकी टाकी दुरुस्त होत नाही. वर्ष-दोन वर्षांनी रॉड पाहून घ्या, पाणी क्षारयुक्त असेल तर त्याआधी. स्टेनलेस स्टीलच्या काही टाक्यांत तो नसतो. तिथे कोणी बदलायला सांगितला तर जरूर जाब विचारा.

थर्मोस्टॅटचं उत्तर थोडक्यात देता येतं. अंघोळीला लागणारी उष्णता तेवढीच राहते, पण टाकी जितकी गरम, तितकी तिच्या भिंतीतून उष्णता जास्त वाया जाते. ६० अंशांच्या वर क्षारही झपाट्याने धरतो. अगदी खालीही ठेवू नका, कारण कोमट साठ्यात न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. ६० च्या आसपास ठेवून नळाशी थंड पाणी मिसळावं. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं, मुलांना तर त्याहूनही लवकर.

राहिला ‘हात लावू नका’. एमसीबी बंद न करता झाकण उघडू नका, एवढ्यापुरतं ते खरं आहे. पण क्षार कोणासाठी थांबत नाही. क्षारामुळे वीजबिल दुप्पट होतं अशी भीती काही जण घालतात, तीही चुकीची. विजेच्या कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान कॉइलचं होतं. थराखाली ती जास्त तापते आणि जळते. तापताना टाकीतून खदखद, टकटक ऐकू येऊ लागली, तर साफसफाईची वेळ झाली. टाकी रिकामी करून पुन्हा भरल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा, हवा निघून सलग धार येऊ द्या आणि मगच बटण दाबा. कोरडी कॉइल बघता बघता जाते.