‘नॅनो ब्रेन स्कॅन’चा फॉरवर्ड: कवटी उंदराची, खिसा आपला

गेल्या आठवड्यात मामीचा मेसेज आला. लांबलचक फॉरवर्ड, त्याखाली एक जाहिरात आणि शेवटी तिचं वाक्य: “बघ गं, खरं आहे का हे? ह्यांना घेऊन जाऊ का?” मामा हल्ली नावं विसरतो, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. असले फॉरवर्ड अशाच घरांत बरोबर पोचतात. तोच मजकूर सोसायटीच्या ग्रुपवरही फिरताना दिसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मजकुराचा सारांश असा. यंदा नोबेल मिळालेल्या मायक्रोस्कोपने जिवंत मेंदूतल्या चेतापेशींचे फोटो काढता येतात. कवटी न उघडता, वेदना न होता. फोटोत विचार आणि आठवणी रंगांत दिसतात, विसरभोळेपणाचं मूळही दिसतं. रिपोर्ट स्पष्ट यावा म्हणून स्कॅनच्या आधी महिनाभर स्मृतीच्या गोळ्या बंद ठेवा. प्रकाशाचा दीडशे वर्षांचा नियम शास्त्रज्ञांनी खोटा ठरवला आहे आणि मोठी हॉस्पिटलं ही गोष्ट दाबून ठेवतात. खाली ‘नॅनो ब्रेन स्कॅन’चा दर, ज्येष्ठ नागरिकांना सवलत.

आधी कवटीबद्दल बोलू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

मूळ प्रयोग खरा आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत छापून आला. जर्मनीत ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत श्टेफान हेल यांच्या गटाने जिवंत उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशी ७० नॅनोमीटरहूनही बारीक तपशिलात पाहिल्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा). साध्या मायक्रोस्कोपची मजल साधारण २०० नॅनोमीटरला संपते, त्यामुळे हे काम मोठंच होतं. हेल, एरिक बेट्झिग आणि विल्यम मोर्नर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते २०१४ साली. फॉरवर्डवाल्यांचं ‘यंदा’ इतकं जुनं आहे.

आता त्या उंदराकडे बघा. त्याच्या जनुकांत फेरफार करून काही चेतापेशींमध्ये पिवळं चमकणारं प्रथिन तयार होईल अशी व्यवस्था केलेली होती. ही चमक नसेल तर या मायक्रोस्कोपला काही दिसत नाही, कारण त्याचं सगळं तंत्र त्या चमकेवर चालतं. लेसरचा एक ठिपका प्रथिनाला उजळवतो, लगेच मेदुवड्याच्या आकाराचा दुसरा किरण कडेची चमक विझवतो, आणि मधल्या भोकात उरलेला इवलासा उजेड तेवढा मोजला जातो. असा ठिपका ठिपका करत चित्र भरायचं. त्या उंदराला भूल दिलेली होती. कवटीचा तुकडा काढून तिथे काच बसवलेली होती. श्वासाने आणि हृदयाच्या ठोक्यांनी मेंदू हलत राहतो आणि या मापात तेवढी हालचालही चित्र फिसकटवायला पुरते. एवढं सगळं केल्यावर काचेखाली दिसलं किती खोल? १० ते १५ मायक्रोमीटर. मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा, फार तर थोडा अधिक. त्याहून खाली जाऊ लागलं की मेंदूची ऊती प्रकाश विखुरते, मधलं भोक बुजू लागतं आणि बारकाई संपते.

माणसाच्या डोक्यावर आधी केस, मग त्वचा, मग सहा-सात मिलिमीटरचं हाड, त्याखाली आवरणं आणि द्रव. अल्झायमर सुरुवातीला जिथे घाव घालतो तो हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणी तयार करणाऱ्या भागाच्या, आसपासचा भाग तर कित्येक सेंटिमीटर आत. हे यंत्र मामाच्या टाळूच्या त्वचेतच अडकेल. आणि मामाच्या चेतापेशींत पिवळं प्रथिन कोणी घातलंय?

मग हे लोक पैसे घेऊन करतात काय? जाहिरातीतला फोटो मोठा करून पाहिला. खुर्चीत बसलेले आजोबा, डोक्यावर तारांची टोपी. ती ईईजीची टोपी आहे! मेंदूतल्या विजेचे एकत्रित चढउतार त्वचेवरून नोंदवणारी, दशकानुदशकं वापरात असलेली तपासणी. फिट्स वगैरेंसाठी ती उपयोगाची आहेच, पण तिच्यातून चेतापेशीचं चित्र निघत नाही. वीज मेंदूच्या कुठल्या भागातून आली याचा अंदाजसुद्धा सेंटिमीटरच्या मापात लागतो. नाव नॅनोचं, माप सेंटिमीटरचं. मी त्या नंबरवर फोन करून विचारलं, “रंग कोणता वापरता? कवटी उघडता का?” पलीकडून उत्तर, “मॅडम, रिपोर्ट दोन तासांत व्हॉट्सॲपवर मिळेल.”

इथवर नुसती फसवणूक होती. गोळ्यांचं वाक्य मात्र घातक आहे. डोनेपेझिलसारखं स्मृतीसाठीचं औषध मनाने थांबवल्यावर काही रुग्णांची स्थिती खालावते. ते कमी करायचं की बंद करायचं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरने ठरवायचं असतं. शिवाय विसरणं म्हणजे अल्झायमरच असंही नाही. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, दुसऱ्याच एखाद्या औषधाचा परिणाम, यांतलं काहीही असू शकतं. यांतल्या बऱ्याच गोष्टी साध्या रक्ततपासणीत आणि नीट विचारपूस केल्यावर सापडतात, आणि बऱ्याही होतात. पुढचं शोधायला स्मृतीच्या चाचण्या, एमआरआय, गरज पडली तर पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी तपासणं असे मार्ग आहेत. यांपैकी एकालाही ७० नॅनोमीटरचं चित्र लागत नाही. मामीला पहिल्यांदा फोन करून एवढंच सांगितलं की गोळी चुकवू नकोस, बाकीचं नंतर बोलू.

रंगांची गंमत वेगळीच. फॉरवर्डसोबत इंद्रधनुषी फांद्यांचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, ‘लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती’. असे फोटो ‘ब्रेनबो’ नावाच्या तंत्रातून येतात. हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ साली उंदरांत ते दाखवलं. प्रत्येक चेतापेशीला सुमारे नव्वद रंगछटांपैकी एखादी मिळते, तीही यदृच्छेने, म्हणजे कोणती फांदी कोणाची हे गुंत्यात ओळखता यावं. राग नाही, शांती नाही. त्या हिशोबाने उंदीर एकाच वेळी नव्वद भावनांत असायला हवा.

आठवणींच्या बाबतीत अर्धं मान्य करावं लागतं, नाइलाजाने. चेतापेशीच्या फांद्यांवर बारीक काट्यांसारखे उंचवटे असतात, बहुतेक जोडण्या तिथे होतात, आणि शिकताना ते काटे बदलतात असं मानायला भरपूर पुरावा आहे. ग्योटिंगेनच्या उंदरात हेच काटे जिवंतपणी आकार बदलताना दिसले. पण काटा हलताना दिसणं म्हणजे आठवण वाचता येणं नव्हे. एक मिलिमीटर लांबीची, पारदर्शक, कवटी नसलेली एक अळी आहे, सी. एलिगन्स. तिच्यात चेतापेशी मोजून ३०२. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ सालीच छापून झाला. जिवंत अळीत ही सूक्ष्म चित्रंही २०११ मध्ये काढून झाली. तरीही ती अळी पुढच्या क्षणी काय करेल हे नुसता नकाशा बघून पक्कं सांगता येत नाही. माणसाच्या मेंदूत अशा पेशी आहेत सुमारे ८६ अब्ज.

नियम खोटा ठरला म्हणतात, तोही नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली सांगितलेली मर्यादा, म्हणजे साध्या मायक्रोस्कोपची ती २०० नॅनोमीटरची मजल, आजही जागच्या जागी आहे आणि जर्मनीतल्या येना शहरातल्या त्यांच्या स्मारकावर ते सूत्र कोरलेलं आहे. हेल यांच्या मायक्रोस्कोपमधला लेसरही त्या मर्यादेपेक्षा बारीक ठिपक्यात गोळा होत नाही. त्यांनी शेजारशेजारचे रेणू एकाच वेळी चमकू दिले नाहीत, एवढीच युक्ती, आणि ती भन्नाट आहे.

राहिलं दाबून ठेवल्याचं. ‘सायन्स’मध्ये छापलेली आणि स्टॉकहोममध्ये राजाच्या हस्ते गौरवलेली गोष्ट कोणी कशी दाबणार? शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘जिवंत उंदराचा मेंदू’ असं लिहिलंय. फॉरवर्ड बनवणाऱ्याने उंदीर तेवढा गाळला.