डावा हात वर करा, काका

दाताच्या डॉक्टरकडे जायचं नसलं की माणसाला आयुर्वेद फार पटायला लागतो. लवंग, हिंग, कापूर, तुरटी, मिठाच्या गुळण्या हे सगळं माझ्या उजव्या दाढेने पचवलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पेरूची पानं चघळायला सांगितली, तर मी बकरीसारखा निम्मं झाड ओरबाडून आलो.

दाढ दिवसा सभ्य असायची. रात्री आडवा झालो की ठणका. दाढेच्या आत नसांचा मऊ गाभा असतो, हे मला पुढे कळलं. अंगात दुसरीकडे कुठे सूज आली तर तिला फुगायला थोडी तरी जागा मिळते. इथे चारी बाजूंनी टणक भिंती. त्यात आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि नस बोंबलते. मी उशीवर उशी रचून बसल्या बसल्या घोरायला शिकलो.

मग एका सकाळी दुखणं गायब! मी चहा पिता पिता हिंगाचा विजय जाहीर केला. हिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. (नस मेली की असंच होतं, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर फार प्रसन्न चेहऱ्याने सांगितलं.) पुढे गालाने वेगळा संसार थाटला, तेव्हा हिने मला रिक्षात घातलं.

सूज उतरायला आधी अँटिबायोटिक दिलं. तेवढे दिवस फाशी लांबली म्हणून मी खूश. मग रूट कॅनॉलचा दिवस उजाडला. बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि आतून ते ‘सूंऽऽऽ’ ऐकू येत होतं. आवाज ज्याला ऐकू येतो त्यालाच जास्त दुखतं, असं माझं मत आहे. ज्याच्या तोंडातून तो येत होता, तो शाळकरी पोरगा हसत बाहेर आला.

खुर्चीत मी हातांनी दोन्ही दांडे धरलेले पाहून बाईंना वाटलं, मला माहिती दिली की बरं वाटेल. “काका, पूर्वीची ड्रिल हळू फिरायची, म्हणून हादरे बसायचे. १९५७ साली हवेवर फिरणारं आलं. हे मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं!” मी दांडे आणखी घट्ट धरले.

“एक नस मेलीय, पण दुसऱ्या मुळात थोडा जीव असेल. इंजेक्शन देते. त्यात अ‍ॅड्रेनलीन आहे, रक्तवाहिन्या आकसतात, बधिरपणा टिकतो. थोडं धडधडेल हं.”

आता होत असलेली धडधड औषधाची की घरून आणलेली, हे कसं ओळखायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

“आणि दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन.”

असली आश्वासनं मी पुष्कळ ऐकलीत. ड्रिल सुरू झालं तसा मी, काही दुखत नसताना, हात वर केला. ड्रिल थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा हात. पुन्हा थांबलं! “काका, दुखतंय की तपासून बघताय?” बाईंनी विचारलं. मी हात वर केला आणि समोरचं काम थांबलं, असं घरात झालेलं नाही, ऑफिसात झालेलं नाही, रिक्षावाल्यांच्या बाबतीत तर नाहीच. दांड्यांवरची पकड तिथे सुटली. पुढे हात वर करायची गरजही वाटेना. अधिकार आहे एवढंच पुरलं.

तोंडात नळी, कापूस, आरसा असताना “नोकरीला कुठे होतात?” हा प्रश्न आला. “आआव्यांअर,” मी म्हणालो. “कालव्यांवर? मग हे तुम्हाला समजावून सांगायलाच नको!” बाईंना हे कळतं कसं देव जाणे. दाढेतले कालवे केसाएवढे बारीक, आणि ते साफ करायला त्या ज्या सुया घालतात त्यांना फाइलच म्हणतात. पंधरा नंबरची, मग वीसची, मग पंचवीसची. माझ्या नोकरीत मी एवढ्या भराभर पुढे सरकणाऱ्या फाइली पाहिल्या नाहीत.

कालव्यांत गुट्टापर्चा भरतात, मलायाकडच्या झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांना याचंच वेष्टण असे. अटलांटिकच्या तळाशी चाललेला माल आपल्या दाढेत, म्हणून मी जरा ताठ बसलो. मग वर तात्पुरतं सिमेंट लिंपलं आणि घमघमाट सुटला तो लवंगेचा! त्यात लवंगेच्या तेलातलंच युजेनॉल असतं म्हणे. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने हसलो. पण अर्धा ओठ बधिर असल्याने ते हसू तिला लकव्यासारखं वाटलं आणि ती घाबरून उठली.

कॅपचे प्रकार, त्यांचे भाव आणि माझा चेहरा यावर फार बोलत नाही. झिर्कोनियाची बसवली. तिच्यासोबत दहा वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळालं. हिने ते मिक्सर आणि फ्रिजच्या कार्डांमध्ये नीट लावून ठेवलंय, आणि माझ्या उरलेल्या दातांकडे बघत विचारलं, “ह्यांचं काय करायचं?”